ओपन स्पेसवर वांगी लावण्याआधी

जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठल्याही शहराच्या नव्या वस्तीत जा. चार-पाच गल्ल्यांच्या मधोमध एक मोकळा तुकडा सापडतोच. कडेची तारेची जाळी गंजलेली, कोपऱ्यात कुणाच्या तरी बाथरूमच्या फुटक्या फरशांचा राडारोडा, मधे कमरेएवढं गाजरगवत आणि 'येथे कचरा टाकू नये' असं सांगणारा, कचऱ्यातच उभा असलेला फलक. या तुकड्याला सगळे 'ओपन स्पेस' म्हणतात. नगररचनेच्या नियमाप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआऊट पाडताना १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. म्हणजे २ हेक्टरच्या लेआऊटमागे २० गुंठे. घरं झाली, रस्ते झाले, गटारी झाल्या, आणि हे २० गुंठे तसेच राहिले.

अशा जागा आणखीही आहेत. जकात गेली पण नाके राहिले. पटसंख्या घटून बंद पडलेल्या पालिकेच्या शाळा आहेत, पाणी न चढणाऱ्या टाक्या आहेत, कापसाच्या बंद जिनिंगची आवारं आहेत, भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात ओस पडलेले क्वार्टर आहेत. आणि जवळपास प्रत्येक जुन्या पेठेत एखादी विहीर आहे, जिच्यात आता पाण्याऐवजी निर्माल्य आणि प्लास्टिक आहे.

अशा पडीक जागांवर वस्तीने मिळून भाजीपाला किंवा झाडं लावणं हे जगात नवं नाही. सोव्हिएत रशिया कोसळल्यावर १९९० च्या दशकात क्युबाला तेल आणि खत मिळेना, तेव्हा हवानातल्या लोकांनी रिकाम्या प्लॉटांवर कंपोस्ट भरून वाफे केले आणि भाजी पिकवली. बर्लिनचा टेम्पेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० मध्ये लोकांसाठी खुला झाला, आणि तिथे एका कडेला लाकडी खोक्यांमध्ये सामाईक बाग उभी राहिली. पुढे त्या मैदानाच्या कडेला इमारती बांधायचं ठरलं, तर २०१४ मध्ये बर्लिनकरांनी सार्वमत घेऊन ते थांबवलं. न्यूयॉर्कची हाय लाइन सर्वांना माहीत असते. १९८० मध्ये शेवटची मालगाडी गेलेला उंचावरचा रेल्वेमार्ग २००९ पासून बाग झाला. पण ती इतकी खर्चिक गोष्ट आहे की आपल्याकडच्या नगरपालिकेला तिचा फोटो दाखवणंसुद्धा धोक्याचं. सुशोभीकरणाचं टेंडर निघेल. आपल्याला जवळचं उदाहरण मुंबईचं. धारावीजवळ मिठी नदीकाठी कचऱ्याचं डम्पिंग होतं. १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या हस्ते तिथे पहिलं झाड लागलं आणि आज त्या ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे.

खान्देशात हे करायचं तर जागा शोधावी लागत नाही. प्रश्न पुढचे आहेत.

कागद आधी

सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत आधीचा प्रश्न: जागा नक्की कुणाची? ओपन स्पेस महापालिकेची असते असं सगळे धरून चालतात. कागदोपत्री अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचं किंवा लेआऊट पाडणाऱ्याचंच नाव असतं. म्हणून नगररचना विभागातून मंजूर लेआऊटच्या नकाशाची प्रत घ्यावी, मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागावी, आणि सोबत सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढावा. दोन्ही कागद समोर ठेवले की निम्मा वाद तिथेच संपतो. रेल्वेची जागा असेल तर परवानगी रेल्वेच्याच विभागीय कार्यालयाची लागते, पालिका तिथे काही करू शकत नाही. रेल्वे आपल्या रुळांलगतच्या मोकळ्या जमिनी भाजीपाल्यासाठी कर्मचाऱ्यांना लायसन्सने देत आलेली आहे, त्यामुळे कल्पना तिला अनोळखी नाही.

पालिकेकडे अर्ज करताना मालकी मागायची नाही. ठरावीक मुदतीसाठी देखभाल मागायची, आणि पक्कं बांधकाम करणार नाही हे आपणहून लिहून द्यायचं. अधिकाऱ्यांना भीती असते ती नेमकी याचीच. आधी ओटा होतो, मग पत्रे पडतात, मग सभामंडप, आणि शेवटी ओपन स्पेसमध्ये ओपन काहीच उरत नाही; हा क्रम त्यांनी पाहिलेला असतो.

झाडं लावताना एक कायदा लक्षात ठेवायचा. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. विजेच्या तारांखाली आज हौसेने लावलेला पिंपळ उद्या आपल्याला हलवता येणार नाही. महावितरणचा माणूस येऊन त्याचा शेंडा छाटेल, ते वेगळं.

जमिनीच्या पोटात काय आहे

आपली काळी माती कापसाला उत्तम. शहरातल्या तुकड्यावर मात्र ती क्वचितच वर असते. वर असतो मुरूम, विटांचा चुरा, सिमेंट, काचा. तरीही एखादा फूट खणल्यावर काळी लागली की लोक खूश होतात. थोडं थांबावं.

शहरी मातीत शिसं आणि कॅडमियमसारखे जड धातू असू शकतात. शिसं येतं लोखंडावरच्या जुन्या रंगाच्या पोपड्यांतून आणि वाहनांच्या धुरातून. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, पण त्याआधीच्या दशकांत रस्त्याकडेला साचलेलं शिसं मातीतून आपोआप जात नाही. जुना महामार्ग क्रमांक ६ जळगावच्या मधून जातो. त्याच्या कडेची जागा आणि आतल्या कॉलनीतली जागा यांत म्हणूनच फरक करायला हवा. गिरणी किंवा जिनिंगच्या आवारात तेल सांडलेलं असतं, बॉयलरची राख पुरलेली असते.

यात एक बरी गोष्ट आहे. खान्देशातली माती बहुतेक अल्कधर्मी, चुनखडीयुक्त असते आणि अशा मातीत शिसं मुळांना सहज मिळत नाही, ते मातीच्या कणांना धरून बसतं. त्यामुळे धोका पिकाच्या आतून कमी आणि वरून जास्त असतो: पानांवर उडालेली धूळ, मुळ्याला चिकटलेली माती, मातीत खेळून तोंडात गेलेली लहान मुलांची बोटं. यावरून पिकांचा क्रमही आपोआप लागतो. शंकास्पद जागेवर मुळा, गाजर, पालक, मेथी नको. वांगी, भेंडी, गवार, गिलकी, टोमॅटो ही फळभाज्यांची मंडळी बरीच सुरक्षित. शेवगा, बोर, सीताफळ, चिंच त्याहून सुरक्षित. जुन्या कचरा डेपोवर खाण्याचं काहीच लावायचं नाही, तिथे फक्त सावलीची झाडं.

माती तपासायला कृषी विज्ञान केंद्र किंवा सरकारी प्रयोगशाळा आहेतच. पण मृद आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी मोजतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. शिसं त्यात नाही. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. ते परवडत नसतील तर सरळ उपाय म्हणजे खालच्या मातीला हात न लावता वर विटांचे वाफे बांधणे. फूटभर उंचीची कड, तळाला जुन्या गोणपाटाचा थर, वर शेतातून आणलेली माती आणि शेणखत अर्धं-अर्धं.

भुसावळच्या लोकांना एक सांगणं. वाफ्याची कड करायला रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर स्वस्तात मिळतात, दिसतातही झकास. ते वापरू नका. वाळवी लागू नये म्हणून त्यांना क्रिओसोट नावाचं काळं डांबरी तेल पाजलेलं असतं, आणि उन्हाळ्यात ते पाझरतं. फुलझाडांच्या कडेला ठीक, भाजीच्या कडेला नको.

शाळेच्या किंवा मंडईच्या गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी हिशोब निराळा. माणसं वावरतात अशा गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून स्लॅब बांधतात. ओल्या मातीचा एक फुटाचा थर दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे तिप्पट. गच्चीवर नारळाचा भुसा आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण, तेही पाच-सहा इंच, तुळईच्या रेषेवर आणि इंजिनिअरला दाखवूनच. तीस वर्षांच्या जुन्या इमारतीवर तर अजिबात हौस करू नये.

पाणी, म्हणजे खरा विषय

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात फोटो झाले की धुळ्याकडची म्हातारी माणसं हमखास विचारतात, "झाडं लावतस सम्दा, पन पानी कोन टाकी?" या एका प्रश्नावर आपल्याकडचे निम्मे हरित प्रकल्प मेलेत.

हिशोब मांडून बघू. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, वारा कोरडा असतो. अशा हवेत भाजीचा भरलेला वाफा दिवसाला ८ मिलिमीटरच्या घरात पाणी पितो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. तेव्हा ५ गुंठे भाजीला रोज ४,००० लिटर. रोज जवळपास एक टँकर. ज्या गावात नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येतं, तिथे पिण्याच्या पाण्यावर भेंडी पोसायची गोष्ट कुणी काढूच नये, आणि काढली तर शेजाऱ्यांनी भांडावं.

मग काय करायचं? उन्हाळ्यातली भाजी १ गुंठ्यावर आणायची. १ गुंठा म्हणजे १०० चौरस मीटर, रोजचे ८०० लिटर. बादलीने आंघोळ करणारा माणूस २० लिटर वापरतो, चौघांचं घर ८० लिटर. दहा घरांचं आंघोळीचं पाणी वळवलं की १ गुंठा भागतो. मोरीच्या पाण्यावर मागच्या दारी अळू आणि केळ पोसायची रीत आपल्या घरांत होतीच. गटारी भूमिगत झाल्या आणि ती गेली.

हे पाणी वळवताना तीन-चार गोष्टी पाळायच्या. फक्त आंघोळीचं आणि कपड्यांच्या शेवटच्या खळबळीचं पाणी घ्यायचं. संडासचं तर नाहीच, खरकट्या भांड्यांचंही नको, त्यातल्या तेलाने सगळं तुंबतं. पाइप आधी एका खड्ड्यात सोडायचा: मीटरभर लांब-रुंद, तेवढाच खोल, तळाला विटांचे मोठे तुकडे, वर खडी, त्यावर जाड वाळू, आणि कडेने कर्दळ व केळ. या झाडांची मुळं साबणातला फॉस्फेट आणि मळ बऱ्यापैकी खातात. खालून निघालेलं पाणी एका दिवसाच्या आत मातीत गेलं पाहिजे, साठवलं की कुजतं. ते मुळाशी द्यायचं, पानांवर कधीच नाही. आणि साबणातला सोडा आपल्या काळ्या मातीला मुळीच मानवत नाही, ती आधीच चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट, व्हायला टपलेली असते. म्हणून अधूनमधून विहिरीचं किंवा पावसाचं गोडं पाणी देऊन क्षार धुवायचे, आणि माती दगडासारखी बसू लागली तर जिप्सम टाकायचं.

पावसाचं पाणी हा दुसरा साठा. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुळ्याच्या पूर्व भागात त्याहून कमी. ३०० चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर ६५० मिलिमीटर पाऊस पडला तर १,९५,००० लिटर; गळती-बाष्पीभवन वजा जाता दीड लाख तरी हाती लागतात. ते टाकीत मावत नाहीत. म्हणून ती टाकून दिलेली विहीर महत्त्वाची. आधी निर्माल्य, प्लास्टिक आणि गाळ काढायचा, काठ बांधून वर जाळी टाकायची, आणि छपराचं पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून तिच्यात सोडायचं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. माझ्या मते कुठल्याही शहरात बागेपेक्षा हीच खरी कमाई आहे. भाजी नाही पिकली तरी आसपासच्या बोअरिंगांना त्याचा उपयोग होतो.

उरलेलं काम आच्छादनाचं. यावल-रावेरकडे केळीचे खांब आणि सुकी पानं बांधावर पडून असतात, कापसाच्या पऱ्हाट्या तर सगळीकडेच. बारीक करून चार इंच जाड पसरलं की उघड्या मातीतून उडून जाणारं पाणी बरंच वाचतं. जिथे ठिबकच्या नळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, त्या जळगावात कुणी वाफ्यात पाइप धरून उभं राहू नये.

झाडांच्या बाबतीत एक मत सांगून टाकतो. दर चौरस मीटरला तीन-तीन रोपं कोंबायची दाट जंगलाची जपानी पद्धत सध्या फार चालते. पहिली दोन-तीन वर्षं तिला भरपूर पाणी लागतं, आणि आपल्याकडचं मूळ रान असं दाट कधीच नव्हतं. कडुनिंब, करंज, भोकर, चिंच, सीताफळ आणि मेहरूणच्या जातीची बोर यांना अंतर देऊन लावलं तर दोन उन्हाळे सांभाळावे लागतात, मग ती आपली आपण जगतात. बोरीचे काटे मुलांना टोचतील अशी तक्रार येते. टोचू द्यावेत, बोरंही तीच खातात.

पाळी कुणाची

आता शेवटचा प्रश्न, ज्यावर माझा सगळा भर आहे. जागा मिळाली, माती आणली, पाणी वळवलं. पहिल्या पावसाळ्यात चाळीस घरं हजर असतात. डिसेंबरात दहा. एप्रिलमध्ये एक निवृत्त मास्तर आणि त्यांची कुरकुर. बर्लिन-न्यूयॉर्कची उदाहरणं इथे कामाला येत नाहीत. येते ती आपल्या साक्री तालुक्यातली.

पांझरा नदीवर, आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यात मोसम-आरमवर, तीनशेहून अधिक वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड; बहुधा चार. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन त्याच्या स्वतःच्या मालकीची, पण एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी किती आहे ते बघून लाभधारक एकत्र बसून ठरवणार: या वर्षी या फडात ऊस, त्या फडात हंगामी पीक, आणि पाणी कमी असेल तर एखादा फड कोरडा. पुढच्या वर्षी फिरवाफिरव. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही. ते देतो पाटकरी, ज्याला सगळ्यांनी मिळून ठेवलेलं असतं आणि ज्याचा मेहनताना जमिनीच्या प्रमाणात सगळ्यांकडून जमतो. पीक राखायला जागल्या वेगळा. हंगामाआधी पाट साफ करायला प्रत्येकाने यायचं. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक याच पांझरेच्या खोऱ्यात, दातर्तीला होतं.

हे सगळं ओपन स्पेसवर जसंच्या तसं बसतं. सामाईक बागेत दोन टोकं असतात. सगळं सगळ्यांचं ठेवलं तर कुणीच काम करत नाही आणि वांगी मात्र सगळे नेतात. प्रत्येकाला आपापला वाफा दिला तर एकाचा पालक, दुसऱ्याची मिरची, तिसऱ्याचं शेवंतीचं रोप, प्रत्येकाची पाण्याची गरज वेगळी, आणि नळावर भांडणं. फडाचा मार्ग मधला आहे. वाफा ज्याचा त्याचा, पण एका रांगेत एकच पीक. एक रांग, एक व्हॉल्व्ह. वांग्याची रांग, गिलक्यांचा मांडव, मेथी-पोकळ्याची रांग, आणि एक रांग विश्रांतीला. व्हॉल्व्ह उघडायचा अधिकार एकाच माणसाला, आणि तो पगारी. चाळीस घरांनी महिन्याला १०० रुपये काढले तर ४,००० होतात. सकाळी-संध्याकाळी तासभर येणारा माणूस त्यात मिळू शकतो. पैसे घराप्रमाणे सारखे घेण्यापेक्षा वाफ्यांप्रमाणे घ्यावेत, म्हणजे ज्याचे दोन त्याचे दुप्पट. ज्याने दोन महिने दिले नाहीत त्याचा वाफा पुढच्याला. हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावं, नंतर लिहिता येत नाही.

चोरी होणारच. कडेची रांग रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी आहे असं मानून तिथे कढीपत्ता, शेवगा, अळू लावावं, डोक्याला ताप होत नाही. भाजी उरली तर जवळच्या शाळेला द्यावी. पोषण आहारासाठी शाळांनीही परसबागा करायच्या असतात, तिथल्या बाईंना या कामात गोडी असेल तर उत्तमच.

कामाला लागायचं तर कागद आणि माती तपासणी मार्चपर्यंत. गाजरगवत फुलावर यायच्या आत मुळासकट उपटायचं, फुललं की एकेका झाडाचं बी हजारोंनी पडतं. आणि उपटताना हातमोजे घालायचे, त्याने अंगाला खाज सुटते. मेमध्ये फक्त खड्डा, गाळणी आणि विहिरीचा गाळ. लागवड जून सरत आल्यावर. वांग्याची रोपं जुलै-ऑगस्टात लागली तर दिवाळीच्या पुढे-मागे भरताला सुरुवात होते. भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या बामणोदची सर येणार नाही, पण पऱ्हाट्यांवर भाजलं की फार फरकही पडत नाही. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात, सगळ्यांसमोर विहिरीत दोरी सोडून पाणी मोजायचं आणि उन्हाळ्यात किती रांगा चालू ठेवायच्या ते त्याच दिवशी ठरवायचं. ज्या रांगांना पाणी पुरणार नाही त्या आच्छादनाखाली झाकून ठेवायच्या आणि त्या घरांना पुढच्या वर्षी पहिली रांग द्यायची.